नव्याचं पान

वाल्मिक आला तेव्हा चांगो खळ्यावर भात झोडत होता. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची, ओंडक्यावर आपटायची, फिरवून पुन्हा आपटायची. साठी उलटलेल्या माणसाचं हे काम नव्हे. खांद्यातून कळ निघे आणि कमरेत जाऊन बसे. पण खळ्यावर दुसरा गडी नव्हता. होता तो श्रावणात गेला.

पेंढ्या हातात द्यायला सून होती, दिपिका. उडालेले दाणे झाडून राशीला लावायला म्हातारी होती, बुधी. तिघं मिळून दिवसभरात जेवढं झोडत तेवढं तिचा नवरा अनंता एकटा जेवणवेळेपर्यंत उरकायचा आणि वर तोंडाची टकळी चालू ठेवायचा. आता खळ्यावर पेंढी आपटल्याचा तेवढा आवाज होता.

वाल्मिक खालच्या गावठाणातला. पक्षाचं काम करतो, म्हणजे फोनवर बोलतो. बोलत बोलतच तो खळ्यात शिरत होता, तोच बुधी ओरडली, "चपला भायेर काढ रे! रास हाय."

वाल्मिकने चपला काढल्या. तेवढा तो अजून माणसात होता.

"चांगोबाबा, आपला रस्ता मंजूर झाला," तो बोलला. "गुरवारी साहेब येतात नारळ फोडाया. आनि जेवाया तुमच्या घरी."

"आमच्याच का?"

"अनंताचं झालं ना. साहेबांना समजलं. लय वाईट वाटलं त्यांना."

अनंताचं काय झालं ते कुडावाडीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. श्रावणात भातातलं तण बेणताना बांधावर त्याला घोणस डसली. वाडी आणि डांबरी सडक यांच्या मध्ये एक ओहोळ आहे. पावसाळ्यात त्याची नदी होते आणि ती तानशाच्या धरणाकडे धावत सुटते. मुंबईच्या नळाला ते पाणी जातं, आणि वाडीतल्या माणसाला ते ओलांडायला साधा साकव नाही. चौघांनी घोंगडीची झोळी करून अनंताला काठापर्यंत नेला. पाणी छातीएवढं होतं. उतरेल म्हणून थांबले. अनंताचं डोकं दिपिकाच्या हातावर होतं आणि जीभ जड होईपर्यंत तो एकच सांगत होता, "वरच्या खाचराचा बांध फुटलाय गो. तेवढा चोपून घे. पानी जाईल." ओहोळाचं पाणी उतरलं तेव्हा दवाखान्याची गरज संपली होती.

सुतक फिटलं त्या सकाळी दिपिका वरच्या खाचरात गेली आणि बांध चोपून आली. रडणं तिने त्यानंतर केलं.

तेव्हा ही रास नुसत्या भाताची नव्हती. म्हशाच्या जत्रेत ओळख झालेल्या मुरबाडच्या एका माणसाकडून अनंताने हे बी आणलं होतं, बारीक कोलम. रोपांसाठी राब त्याने भाजला, पेरलं त्याने, लावणीही त्याच्याच हातची. "लय गोड लागतो बोलतात," तो म्हणायचा. "नव्याला बघशील."

नवा म्हणजे नव्या भाताचं पहिलं जेवण. तो होईपर्यंत नवा दाणा कुणी तोंडात टाकत नाही, कच्चासुद्धा नाही. हा तांदूळ गिरणीत नेत नाहीत, घरच्या उखळात कांडतात. शिजला की पहिलं पान पितरांचं. ते कणगीपाशी मांडायचं, शेजारी निखाऱ्यावर राळ टाकायची. धूर चालू आहे तोवर पितर जेवतायत. धूर विझला की घरातल्यांनी बसायचं. पहिला घास घेणाऱ्याला म्हातारा विचारतो, "नवा कसा झाला?" आणि त्याने सांगायचं, "गोड हाय." भात करपलेला असला तरी हेच सांगायचं. चांगोच्या घरात हा घास दरवर्षी अनंता घ्यायचा आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणायचा, "गोड हाय, बा. वाढ."

"घरात रेशनचा तांदूळ हाय," बुधी वाल्मिकला म्हणाली. "तो रांधू काय?"

"रेशनचा? आये, साहेबांना? घरचा नवा कर, चुलीवरचा."

चांगोने हातातली पेंढी खाली ठेवली. "यंदाचं पयलं पान अनंताचं. त्याच्या आधी कोनाला नाय. साहेबांना बी नाय."

"मग सकाळी उरकून घ्या ना. पुढारी काय टायमावर येतो काय?" वाल्मिक हसला. "आनि ताटं नकोत. पत्रावळीवर वाढा, फोटोत बरं दिसतं. मासळीबिसळी नको, साहेबांचा गुरवार असतो."

पेंढी हातात धरून दिपिका बोलली. "वाल्मिकभाऊ, रस्ता कुठपत? ओहोळावर पूल हाय ना त्याच्यात?"

"सगळं हाय गो त्याच्यात."

वाल्मिक गेल्यावर चांगोने पेंढी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, "पूल व्हनार आसंल तर जेवू दे. दुसऱ्या कोनाचा पोरगा तरी वाचंल." त्याला ते खरंच वाटलं होतं. श्रावणापासून पहिल्यांदा तो त्या दिवशी पोटभर जेवला.

बुधवारी सासवा-सुनांनी उखळात भात कांडला. एक मुसळ, दोन बायका, आळीपाळीने. दिपिकाला कांडताना दोन दाणे तोंडात टाकायची माहेरपासूनची खोड. दोनदा हात उखळाकडे गेला आणि दोनदा तिने तो लुगड्याला पुसला. तांदूळ लांबट, पांढराशुभ्र निघाला. बुधीने मूठभर वर उचलून उजेडात धरला आणि परत सुपात सोडला. संध्याकाळी तिने पळसाच्या पानांना बांबूच्या चोया टोचून दोन पत्रावळी लावल्या. एक मुलाची, एक साहेबांची. दोन्ही सारख्याच झाल्या.

पुढारी वेळेवर येत नाही हा जगाचा नियम. त्या गुरुवारी साहेबांनी तो मोडला. आधीचा एक कार्यक्रम रद्द झाला म्हणून ते दोन तास आधीच आले. कार्तिकात ओहोळाला घोट्याएवढं पाणी. गाड्या खळखळ करत पार झाल्या, साहेबांनी कदाचित फोनवरून मान वरही केली नसेल.

पातेलं तेव्हा नुकतंच चुलीवरून उतरलं होतं. चांगोची धांदल उडाली, पण त्याने क्रम मोडला नाही. दिपिकाने दारालगतच्या कणगीपाशी अनंताचं पान मांडलं. भात, उडदाचं वरण आणि कडेला, सासूने नको म्हणायच्या आत, निखाऱ्यावर भाजलेला एक सुका बोंबील. अनंताला त्याच्याशिवाय घास उतरायचा नाही. चांगोने राळ टाकली. धूर सरळ वर चढला. "जेव रे," म्हातारा पुटपुटला आणि पागोटं सावरत बाहेर पळाला, कारण ओटीवर साहेब बसले होते.

साहेब काही राक्षस नव्हते. मांडी घालताना गुडघे कुरकुरले तरी घातली. बुधीला "आई" म्हणाले, चांगोच्या खांद्यावर हात ठेवला. भात, वरण, वालाची भाजी. फोनवाले पोरगे पुढे सरसावले. साहेबांनी घास घेतला, तोंडाशी धरला, फोटो निघेपर्यंत धरून ठेवला, मग खाल्ला. "वा!" म्हणाले. "ही चव मुंबईत नाही." दुसरा घास भिजवत होते तेवढ्यात कुणीतरी कानाशी फोन आणून लावला.

मागच्या दाराशी शेजारची रंगू आली होती, नारळ फोडताना पाहून. तिने दिपिकाला पडवीत ओढलं. "दगड कुठं लावलाय बघलास? ओहोळाच्या त्या बाजूला, फारमहाऊसच्या वळनाला. रस्ता तिथवरच. मी विचारला एकाला. पूल नाय गो त्याच्यात."

दिपिका घराला वळसा घालून पुढे आली. साहेब उठले होते, बाटलीच्या पाण्याने हात धूत होते. पानावरचा भात तसाच. कोंबड्या चोची मारतील म्हणून बुधीने ते पान चटकन उचलून आत नेलं.

"साहेब," दिपिका म्हणाली. चार माणसांसमोर बोलायची सवय नाही, आवाज चिरकला. "साहेब, ओहोळावरचा पूल?"

साहेबांनी तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. "ताई, जेवण एकदम छान होतं," ते म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.

एवढंच. शिवी दिली असती, दम दिला असता, तरी तिला कळलं असतं की आपलं बोलणं त्या माणसाच्या कानात शिरलं. दिपिका घरात आली. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आत नुसता काळोख. दाराशेजारी जमिनीवर पत्रावळ होती, तिच्यावर भाताचा पांढरा ढीग, मोडलेलासुद्धा नाही. त्याने घासभरसुद्धा खाल्लं नाही, तिच्या मनात आलं. अनंताच्या हातचा भात. तिने पान दोन्ही हातांवर उचललं आणि धावली.

साहेब गाडीत बसायला वाकले होते. "पूल!" ती ओरडली आणि पान भिरकावलं.

भात पांढऱ्या शर्टावर फुटला. वरण पाठीवरून ओघळलं. मग पोलिसांनी तिचे दंड धरले, वाल्मिक "अगो काय केलास हे!" म्हणून कपाळ बडवायला लागला आणि गाड्या धुरळा उडवत निघाल्या. दिपिकाला जीपमध्ये घालताना चांगो ओटीखाली उभा होता. त्याने साहेबांकडे पाहिलं नाही, सुनेकडेही नाही. तो जमिनीकडे बघत होता, जिथे भात पडला होता.

ठाण्यात तिला बाकावर बसवलं. दामिनी नावाची शिपाई बाई तिच्याबरोबर होती. मुरबाडकडची, घरी भातशेती. तिने पाणी दिलं आणि शेजारी टेकली.

"एक विचारू?" दामिनी म्हणाली. "लोक शाई फेकतात. चप्पल फेकतात. मी म्हनते फेका. पन अन्न का गो फेकलंस? आपन भातवाले. सांडलेलं शीत आपन उचलून कपाळाला लावतो."

"माझ्याकडं शाई कुठून येनार बाई?" दिपिका म्हणाली. "घरात जे व्हतं ते फेकलं. आनि मी नाय टाकलं अन्न. त्याने टाकलं व्हतं. मी त्याचं त्याला दिलं."

दामिनीला ते पटलं असावं.

समोरच्या टेबलाशी दोन शिपाई एका फोनवर वाकून खिदळत होते. वाडीतला तो प्रकार त्यांच्या आधी अख्ख्या तालुक्याने पाहिला होता. खाली लोकांनी मतं लिहिली होती. कुणी म्हणे वाघीण, कुणी म्हणे माज आलाय, उपाशी ठेवा म्हणजे कळेल अन्नाची किंमत. साहेबांनीही नवा शर्ट घालून दोन शब्द टाकले होते: ताई मला बहिणीसारखी, मी तिला माफ केलंय, तक्रार नाही, फक्त अन्नाचा अपमान आपल्या संस्कृतीत बसत नाही.

"पन काय नेम!" एक शिपाई म्हणाला. "आनि हे बघ, खांद्यावर. बोंबील! साहेबांचा गुरवार बाटवला बाईने."

दिपिकाची मान वर झाली. "काय हाय खांद्यावर?"

"बोंबील गो तुझा," त्याने हसत फोन तिच्यासमोर धरला.

पांढऱ्या शर्टावर, खांद्याच्या शिवणीपाशी, भाजलेला काळसर बोंबील चिकटला होता. शेपटीकडे थोडा जळालेला. चुलीशी बसून तिनेच तो चिमट्याने उलटा केला होता. एकच भाजला होता. एकाच पानावर वाढला होता.

दामिनीने विचारलं, "काय झालं?" दिपिकाचे डोळे फोनवरच होते. राळेचा धूर अजून विझला नव्हता. अनंताचं जेवण चालू होतं, आणि तिने त्याच्या पुढ्यातलं पान ओढून नेलं होतं. काठावर जीव जाताना ज्याला पाण्याचा घोट गिळता आला नाही, त्याचा वर्षाचा एकच घास. ती बाकावरून खाली घसरली आणि फरशीवर कपाळ टेकून ओरडून रडली. शिपायांना वाटलं, घाबरली. "अगो सोडलंय तुला," ते म्हणाले. "तक्रार नाय. जा घरी."

दामिनीने तिला आटगावच्या बाजूने जाणाऱ्या जीपमध्ये बसवून दिलं. सडकेवर उतरून ती चालत ओहोळापाशी आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. वळणावर दगड होता, झेंडूच्या माळेसकट. ती थांबली नाही. थांबली ती ओहोळ ओलांडून वाडीच्या काठावर, जिथे झोळी टेकवली होती तिथेच. साहेबांची गाडी परतताना तिथे उभी राहिली असावी. शर्ट पुसलेले पांढरे पातळ कागद गवतात पडले होते, पाण्याची रिकामी बाटली होती. कागदांना भाताची शितं चिकटली होती. बोंबील मुंग्यांनी धरला होता, तो तिने त्यांच्याकडेच ठेवला. शितं एकेक करून सोडवली आणि पदराच्या टोकाला बांधली.

घरासमोर, जिथे गाडी उभी होती, तिथे चांगो उकिडवा बसला होता. हातात पळसाचं एक पान. वाळूतलं शीत दोन बोटांनी उचलायचं, फुंकायचं, पानावर ठेवायचं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून तो कधी खडाच उचलत होता आणि बोटात दाबून बघून टाकून देत होता. कोंबड्यांना हाकलायला बुधी काठी घेऊन ओटीवर बसली होती.

दिपिका त्याच्या समोर येऊन बसली. "बाबा," ती म्हणाली, "मला म्हाईत नव्हतं."

"तू गेल्यावर आयेने चुलीमागची टोपली उचलली," चांगो खाली बघतच बोलला. "साहेबांचं पान टोपलीखालीच. तवाच समजलं."

"मारा मला."

"मारून काय व्हतं गो." तो पुन्हा एक शीत उचलू लागला. "दगड मारला असतास तरी मी काय बोललो नसतो. माझ्या मनात बी आला व्हता दगड. पन हे..." म्हाताऱ्याचे ओठ लहान पोरासारखे वाकडे झाले आणि त्याने पाठमोरा होऊन नाक शिंकरलं.

"पातेल्यात भात हाय ना, बाबा. त्याला दुसरं पान वाढू."

"पातेल्यातला साहेबांना वाढला. तो आता मागचा झाला. पयला हाच." 

तिने पदराची गाठ सोडली आणि काठावरची शितं त्याच्या पानावर ओतली. कुठून आणली ते त्याने विचारलं नाही. मग दोघं मिळून वेचत राहिली. उजेड सरायच्या आत ओंजळभर भात जमला. बुधीने तो तांब्याभर पाण्यात तीनदा धुतला, तरी कचकच राहिलीच. कणगीपाशी पान मांडलं. चांगोने निखाऱ्यावर राळ टाकली.

या वेळी तिघंही तिथेच बसून राहिली, कुणी दारापर्यंतसुद्धा गेलं नाही. धूर पातळ होत होत विझला.

"जेवला," चांगो म्हणाला.

चुलीमागे टोपलीखाली साहेबांचं पान तसंच होतं. बुधीने ते पुढे आणलं आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली. "याचं काय करू?" तिने विचारलं. "उकिरड्यावं टाकवत नाय. आपल्या अनंताच्या हातचा भात हाय."

दिपिकाने हात पुढे केले. पान घेऊन ती भुईवर बसली. भात गार झाला होता, वरणाला साय धरली होती. एका बाजूला साहेबांच्या बोटांचे भिजवल्याचे खड्डे दिसत होते. ती बाजू तिने फिरवून आपल्याकडे केली. कुणाचं उष्टं आजवर तिने खाल्लं नव्हतं, नवऱ्याचं सोडून. तिने घास केला आणि तोंडात घातला.

चांगो तिच्याकडे बघत होता. विचारावं की नाही, त्याला कळेना. पण नवा झाला होता आणि घरात पहिला घास गेला होता.

"नवा कसा झाला?" त्याने विचारलं.

भात खरंच गोड होता, अनंता सांगायचा तेवढाच. तिने घास गिळला.

"गोड हाय, बा," ती म्हणाली. "वाढ."

चांगोने पातेलं जवळ ओढलं आणि त्याच पानावर तिला वाढलं.